वलांडी धाकट्या डहाणूत, मालकीण मदुराईत

माझा धंदा सुक्या मासळीचा. बोंबील, जवळा, सोडे. माल वाळायचा धाकट्या डहाणूत, खाडीच्या काठाला, आणि मालाची मालकीण, म्हणजे मी, कधी मदुराईत भेंडी चिरत बसलेली असायची, कधी उदयपूरला पुऱ्या तळत. दोन हजार चौदापासून एकोणीसपर्यंत हे असंच चाललं. आमच्या भावकीतली एक शिकलेली सून परवा सांगत होती की ह्या प्रकाराला आता फार भाव आलाय. लोक डोंगरावर बसून शहरातला धंदा चालवतात आणि त्यांचे फोटो छापून येतात. आमचा फोटो कुणी काढला नाही. काढला असता तर त्यात कढई आली असती, मासळी आली नसती, कारण मासळी आणि मी कधी एका ठिकाणी नसायचोच.

झालं असं की आमचे हे बसचे ड्रायव्हर. मच्छीमाराच्या घरात जन्मलेले, पण होडीत पाय ठेवला की ह्यांना उलटी. म्हणून पाण्याचा नाद सोडून चाकाच्या धंद्यात शिरले आणि एका छोट्या यात्रा कंपनीची बस चालवू लागले. कंपनीची एकच बस, तिच्या पोटात स्वयंपाकाची भांडी, शेगड्या, तांदळाची पोती. मुक्कामाला पोचलं की धर्मशाळेच्या मागच्या अंगणात चूल मांडायची आणि माणसांना घरचं जेवण घालायचं. एका सहलीत आचारी अजमेरला उतरला तो परत चढलाच नाही. ह्यांनी मालकांना सांगून टाकलं, माझी बायको डहाणूत मसोलीला खानावळ चालवते, तिला बोलावतो. मला कुणी विचारलं नव्हतं. पण लेकीचं लग्न झालेलं, खानावळीत तीच ती गिऱ्हाइकं, आणि मला डहाणूच्या बाहेरचं काही बघायचं होतं. मी पिशवी भरली. तेव्हापासून पावसाळ्याचे दिवस सोडले तर आमचा संसार त्या बसमध्येच होता.

त्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यांच्या मागे राहिल्या खाडीकाठच्या वलांड्या. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बांबू उभे रोवायचे, त्यांना आडवे बांबू आणि दोर बांधायचे, की झाली वलांडी. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी, हातात घेतला तर निसटतो. तो धुऊन, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, जोडी दोरावर टाकतात. ऊन आणि खारा वारा मिळाला की दोन-तीन दिवसांत त्याची काडी होते. बोलायला सोपं आहे. पण आभाळ भरून आलं, वारा पडला किंवा कावळ्यांकडे लक्ष राहिलं नाही, तर त्या खेपेचा सगळा माल मातीमोल होतो.

ह्यांचं म्हणणं पडलं, विकून टाकू. माझी धाकटी नणंद हिरू गप्प बसून ऐकत होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आलेली. लहानपणापासून आईच्या मागे ह्या वलांड्यांखाली वाढलेली, पण बाहेरच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की तिच्या तोंडाला कुलूप. डहाणू रोड स्टेशनच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती आणि जायची इच्छाही नव्हती. वलांड्या गेल्या तर ही दिवसभर करणार काय, हे माझ्या मनात आलं. मी म्हटलं, तू वाळव, मी विकते. हे हसले. म्हणाले, तू तर बसमध्ये, विकणार कुठं? मी म्हटलं, बसमध्येच.

आता ह्यात मोठी गंमत होती. आमची यात्रा कंपनी शुद्ध शाकाहारी. मालकांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की मासळीचा एक तुकडाही बसमध्ये दिसला तर तुमची आणि ड्रायव्हरची दोघांची सुट्टी. त्यामुळे माझ्यासारखा व्यापारी कुठं नसेल. नमुना नाही, दुकान नाही, पाटी नाही, मालाचा वाससुद्धा नाही. नुसतं तोंड. सहलीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पनीर आणि बटाटा खाऊन माणसं कंटाळतात. मग कुणीतरी भांडी घासायच्या जागेपाशी येऊन उभं राहतं, मावशी तुम्ही कुठल्या म्हणून विचारतं. डहाणू म्हटलं की लगेच चिकू आठवतो. मी म्हणायची, चिकू सगळेच सांगतात, आमचा बोंबील खाल्लाय का कधी? आणि मग मी सांगायची. निखाऱ्यावर भाजलेला बोंबील पाट्यावर ठेचून, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि वरून तेलाची धार. समोरचा माणूस हातातलं ताट विसरायचा. सहल संपेपर्यंत माझ्या फोनमध्ये नवी नावं आलेली असायची. त्यांना मी एकच गोष्ट देऊ शकत होते, माझा शब्द. अमुक महिन्यात माल घरी पोचेल, कडक असेल, वाळू नसेल. तो शब्द खरा करायचं काम शेकडो कोस लांब बसलेल्या हिरूचं.

आम्ही दोघी फोनवर बोलायचो, आणि बोलायची वेळ समुद्र ठरवायचा. आमच्या खाडीत होड्या भरतीच्या पाण्यावरच आत येतात. होडी लागली, हिरूनं माल घेतला, की तिचा फोन. भरती रोज थोडी पुढं सरकते, तसा फोनही सरकायचा. त्यामुळे मी मदुराईच्या देवळासमोर उभी राहून डहाणूच्या खाडीत आता पाणी कुठवर आलं असेल ते सांगू शकत होते. तिथी विचारायची आणि बोटांवर हिशेब करायचा. बसमधले लोक समजायचे मी फार देवभोळी आहे, सारखी तिथी विचारते.

पहिल्या वर्षी साधे बटणांचे फोन. माल नीट वाळला की नाही हे मला कळणार कसं? हिरू तर सगळ्यालाच "बरा हाय" म्हणायची. शेवटी मी एक युक्ती काढली. तिला म्हटलं, बोंबील फोनपाशी धर आणि मोड. पक्का वाळलेला बोंबील वाळक्या काटकीसारखा कट्कन मोडतो. आत ओल असेल तर आवाजच येत नाही, नुसता वाकतो. वलांडीच्या दोन टोकांचे आणि मधला, असे ती मोडायची आणि मी कान देऊन ऐकायची. एकदा जैसलमेरच्या वाटेवर माझ्या हातून फोनचा स्पीकर चालू राहिला आणि सगळ्या बसनं ते कट् कट् ऐकलं. एका आजोबांनी काळजीनं विचारलं, घरी कुणाची हाडं मोडली का.

पुढं चांगले फोन आले, फोटो येऊ लागले. फोटोत सगळाच माल सोन्यासारखा दिसतो. मी फोटो बघायची, छान म्हणायची आणि तरीही मोडून दाखव म्हणायची. हिरूला त्याचा राग यायचा. मग ती मुद्दाम फोनच्या अगदी तोंडाशी धरून मोडायची, म्हणजे माझ्या कानठळ्या बसाव्यात.

माल पाठवायची पंचाईत वेगळीच. सुक्या मासळीचं पार्सल म्हटलं की कुरियरवाले नाकाला रुमाल लावतात. ह्यांनी तोड काढली. आमच्या स्वयंपाकात तेलाचे पत्र्याचे मोठे डबे रिकामे व्हायचे. ते धुऊन, वाळवून, सहल संपली की डहाणूला जाणाऱ्या टेंपोत घालून धाडायचे. हिरू त्यात माल भरायची आणि डहाणूतला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर वरचं तोंड झाळून बंद करायचा. वास आत, माल आत. डब्यावर तेलाच्या कंपनीचं चित्र तसंच. पुण्याच्या एका निवृत्त इंजिनियर साहेबांना ही सोय इतकी आवडली की काय सांगू. त्यांच्या घरात मासळी चालत नसे. दर वर्षी त्यांचा डबा जायचा, ते तो गच्चीवर नेऊन छिन्नी-हातोडीनं फोडायचे. तिसऱ्या वर्षी मला त्यांच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, ते तुमचं तेल आहे ना, ते ह्या वेळी दोन डबे पाठवा, ते एकटेच संपवतात.

असे दिवस होते. ते आठवले की मला अजून हसू येतं, आणि मागोमाग जीव हळवा होतो. रोज सांजेला कुठल्या तरी परक्या गावात चूल पेटायची, सगळीकडे दुसरीच भाषा, आणि फोन कानाला लावला की आमचं खाडीचं वारं ऐकू यायचं. मालाचं बोलून झालं की हिरू विचारायची, आज कुठं हायस, काय बघितलंस, तिथल्या बायका डोक्यात काय माळतात. मी सांगायची. तिला हे सगळं ऐकायचं असे, पण बघायला चल म्हटलं की नाय वयनी, इथंच बरं.

एक मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे. बोंबील वाळायचा हंगाम आणि सहलींचा हंगाम एकच. दिवाळी, नाताळ, उन्हाळा. मी घरी यायची ती ऐन पावसाळ्यात, तेव्हा होड्या वर ओढलेल्या आणि वलांड्यांचे नुसते बांबू उभे. माझ्या धंद्याचा भरलेला हंगाम मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. सगळा कारभार कानांनी.

सगळाच माल माझ्या गिऱ्हाइकांना जात नसे. मोठे बोंबील आणि सोडे डब्यात. बारीक बोंबील आणि जवळा घ्यायला लखमी यायची. लखमी तलासरीकडच्या एका पाड्यावरची. हिरूकडून माल घ्यायचा, टोपली डोक्यावर, मिळेल त्या टमटममध्ये बसून तलासरीच्या आठवडे बाजारात जायचं आणि उरलेला माल वाटेतल्या पाड्यांवर विकत घर गाठायचं, हा तिचा रिवाज. हिरू आणि लखमी दोघी मितभाषी. वलांडीखाली बसून तासभर माल निवडायच्या आणि दोघींत दोन वाक्यं झाली तर खूप. पण लखमी आली नाही तर हिरूचा फोन त्या दिवशी लवकर संपायचा.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. तलासरीच्या आणि डहाणूच्या आतल्या गावांत जास्त, आमच्या किनाऱ्याला कमी. मी तेव्हा फिरतीवर होते. फोन केला की हिरू म्हणायची, थोडं हललं, भांडी वाजली, माल बरा हाय. मी बसमध्ये लोकांना सांगायची, आमच्याकडे थोडं हललं. ऐकून ते चुकचुकायचे आणि मग जेवायला बसायचे. मीही वाढायला घ्यायची.

नाताळात आमची केरळ आणि कन्याकुमारीची सहल होती. निघण्याआधी ठाण्याच्या सबनीसकाकूंचा फोन आला. ह्या माझ्या जुन्या प्रवासी, काश्मीरच्या सहलीत भेटलेल्या. त्यांचे यजमान मोठ्या दुखण्यातून उठले होते आणि तोंडाची चव गेली म्हणून अन्नाला शिवत नव्हते. आमचा बोंबील भाजून दिला तर मात्र त्याच्यासोबत भाकरीचे चार घास जायचे. काकूंचा घरातला साठा संपत आला होता. मी म्हटलं, काकू, जानेवारी लागायच्या आत डबा तुमच्या दारात. हिरूला सांगितलं, त्यांचा डबा आधी भर, मग बाकीचे. तिनं भरला. तसा फोन आला. मी निर्धास्त झाले आणि मुन्नारला उपमा करायला घेतला.

त्यानंतर बरेच दिवस लखमी आली नाही. हिरू दोनदा म्हणाली, लखमी आली नाय गं. मी म्हटलं, येईल, थंडी आहे. तिसऱ्यांदा तिनं काही म्हटलं नाही. त्या दिवशी भरती होऊन गेली तरी फोन आला नाही. मी लावला तर लागेना. दुसऱ्या दिवशी रामेश्वरला पोचल्यावर लागला. मी कामाचं बोलले. ह्यांच्या ओळखीचा टेंपोवाला ठाण्याला निघाला होता, त्याच्याकडे काकूंचा डबा दे म्हटलं.

"डबा नाय," हिरू म्हणाली.

मला वाटलं झाळायचा राहिला. म्हटलं, मग नुसता बांधून दे.

"कुठलाच डबा नाय. सगळे लखमीच्या पाड्यावर गेले. मीच नेले."

मला आधी हेच कळेना की जी बाई स्टेशन ओलांडत नाही ती तलासरीला गेली कशी. मग कळलं ते दुसरं. काकूंचा डबा, पुण्याचे दोन, नाशिकचा, सगळ्या गिऱ्हाइकांचे डबे तिनं टेंपोत घातले आणि पाड्यावर नेऊन फोडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वयनी, तू आलीस की बोलू. त्या दिवशीचं सांबार इतकं खारट झालं की माणसांनी ताकावर भात ढकलला. ह्यांना सांगितलं तर हे नुसते आरशात बघून गाडी हाकत राहिले. बहिणीच्या विरुद्ध बोलायचं नाही आणि बायकोच्याही नाही, हा त्यांचा नेहमीचा मार्ग.

सहल संपली, माणसं आपापल्या गावी उतरली. जानेवारीच्या मध्यावर मी धाकट्या डहाणूत पाय ठेवला. तेव्हा पहिल्यांदा मी माझ्या वलांड्या भरलेल्या पाहिल्या. खाडीपर्यंत दोरांवर दोर, आणि प्रत्येक दोरावर बोंबलांच्या जोड्या वाऱ्यावर हलत होत्या, खाली ऊन गाळून पडल्यासारखं दिसत होतं. एवढा राग डोक्यात घेऊन आलेली मी, पण पाय तिथंच थांबले. इतकी वर्षं हे सगळं मी नुसतं ऐकत होते. हिरू वलांडीखाली उभी होती. तिनं एक बोंबील काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, आता तूच मोड.

मी तो मोडला नाही. आधी सबनीसकाकूंना फोन लावला. म्हटलं, नवा माल होतोय, चार दिवसांत पाठवते, तेव्हाचा डबा भूकंपाच्या गावात गेला. काकू म्हणाल्या, "राहू द्या आता. हे दवाखान्यात आहेत, नळीनं देतात सगळं. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी दुसरीकडे बघितलं नाही." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा फोन पुन्हा कधी आला नाही आणि करायचा धीर मला झाला नाही. ते वाक्य मी आजही विसरलेली नाही.

फोन ठेवला आणि हिरूकडे वळले. काकू काय म्हणाल्या ते तिला शब्दन् शब्द सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पण ती एवढंच म्हणाली, उद्या माझ्यासंगं पाड्यावर चल.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. टमटममध्ये हिरू मांडीवर टोपली घेऊन अशी बसली होती की जन्मभर ह्याच रस्त्यानं ये-जा करतेय. तलासरी मागं टाकून पुढं कच्च्या रस्त्यानं चालत पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. घरं उभी होती, पण घरांत कुणी नव्हतं. सगळा संसार अंगणात. बाजा बाहेर, भांडी बाहेर, बांबूंवर प्लास्टिकचे कागद ताणलेले आणि त्याखाली पोरं, म्हातारी माणसं, शेळ्या. लखमीच्या घराच्या कुडाची माती कोपऱ्यात उभी फाटली होती. चुली उघड्यावर, तीन दगडांच्या. लखमीनं मला बसायला बाज दिली, पाणी दिलं. हळूहळू बोलली. पोरांना घराजवळ टाकून मजुरीला जाववत नाही, बाजारालाही जाववत नाही. भात होता घरात, ह्या वर्षीचाच, पण तोंडी लावायला काही नाही. आत जाऊन काही आणायचं तरी जीव मुठीत. हिरू आली त्या दिवशी सगळ्या चुलींवर एकदम बोंबील भाजले. म्हातारी माणसं बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली, असं तिनं सांगितलं.

अंगणाच्या मधोमध माझे डबे होते. रिकामे, एकावर एक रचलेले, आणि सगळ्यांत वर एक पितळी तांब्या, त्यात दोन-चार खडे. मी विचारलं, हे कशाला? लखमी म्हणाली, "जमीन हलली का वाजतो, बाय. झोपंत कळाय पायजे ना."

मी काही बोलणार तोच तांब्या वाजला. आधी खडे खुळखुळले. मग माझ्या बाजेचे पाय हलले, पायाखालून कुणी गोणपाट ओढल्यासारखं झालं आणि जमिनीच्या आतून एक आवाज आला, लांबून ट्रक यावा तसा. वरचा डबा सरकला आणि तांब्या खाली पडला. मी बाज घट्ट धरली, ओरडायचंही सुचलं नाही. सगळा पाडा जागच्या जागी थांबला. पोरंसुद्धा थांबली. मग आवाज गेला. लखमी उठली, तिनं खडे वेचले, तांब्यात टाकले, तांब्या परत डब्यावर ठेवला आणि माझ्यासाठी चहाचं पाणी ठेवायला चुलीकडे गेली. थोडं हललं, थोडं हललं, म्हणून जे मी फोनवर ऐकत होते आणि बसमध्ये सांगत होते, ते हे होतं.

आम्ही परत निघालो. चालता चालता राग पुरता गेला नव्हता, पण त्याला आता धरायला जागा सापडत नव्हती. काकूंचा आवाज एका कानात, तांब्याचा दुसऱ्या. शेवटी म्हटलं, सगळं खरं, हिरू, पण मला एकदा विचारायचं तरी. फोन होता की तुझ्याकडे.

"इचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस," ती म्हणाली. "मग मला तुझा शबुद मोडून द्यावं लागलं असतं. न इचारता दिलं, तर नुसता माल गेला."

"मी नाही म्हटलं नसतं."

"मग काय म्हटलं असतंस?"

मी चालता चालता खरोखर विचार केला. रामेश्वरला, समोर सांबार उकळतंय, मागं माणसं ताटं घेऊन उभी, फोन खांद्यात धरलेला. तिथून मी काय म्हटलं असतं ते मला नीट माहीत होतं.

"अर्धा माल दे म्हटलं असतं. अर्धा गिऱ्हाइकांना ठेव."

हिरूनं डोक्यावरची रिकामी टोपली काखेत घेतली. "आन् अर्ध्या पाड्यानं खाल्ल्यावर उरलेल्या अर्ध्याला मी काय सांगायचं? मालकीण केरळात हाय म्हणून?"

समोरून टमटम आली, आम्ही दोघी चढलो.

त्या उन्हाळ्यात मी पुन्हा सहलीला गेले. न जाऊन चालणार नव्हतं, गिऱ्हाइकं बसमध्ये होती. भरतीप्रमाणे फोन येत राहिले, बोंबील मोडत राहिले, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर ह्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा बसची नोकरी सुटली आणि मी कायमची घरी आले. पण त्या शेवटच्या हंगामात एक नवी रीत पडली होती. गिऱ्हाइकांचे डबे भरायला घेण्याआधी हिरू मोठ्या बोंबलांचा एक डबा भरून बाजूला ठेवायची, लखमीच्या टोपलीसोबत तो जायचा. हे ह्यांना टेंपोवाल्यानं सांगितलं आणि ह्यांनी मला. हिरूनं फोनवर त्या डब्याचं नाव कधी काढलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. इतकी वर्षं लांबून धंदा चालवला, त्यात तेवढाच एक कारभार मी नीट केला असं मला वाटतं.